चिपळूणची छावणी आणि घोड्याचा रातीब

राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना एक पत्र धाडलं. लष्करानं रयतेला उपद्रव देऊ नये, या ताकिदीसाठी ते पत्र सर्वांना ठाऊक आहे आणि ती कीर्ती रास्तच आहे. पण पत्राची सुरुवात घोड्यांच्या दाणावैरणीपासून होते, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. लष्कराचा मुक्काम चिपळुणात पडल्यामुळे दाभोळ सुभ्यात पावसाळ्यासाठी केलेला साठा बराचसा खर्ची पडला होता, आसपासचं गवत सरलं होतं आणि वैशाखाच्या उन्हाळ्यात पागेचे आणखी वीस दिवस बसून गेले होते. कारकुनांकडून आणि गडोगडीचा गल्ला देववून कशीबशी बेगमी केली होती. आता मनाला येईल तसा दाणा, रातीब, गवत मागून असेल तोवर उधळाल, तर पडत्या पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं महाराज बजावतात. कोकणातल्या घोड्याच्या आहाराचा इतिहास या पत्रापासून वाचावा, असं मला वाटतं. घोड्याला काय चारलं याहून ते कोणत्या महिन्यात आणि किती दिवस पुरवलं, हा इथला खरा प्रश्न होता.

आज याच प्रश्नाचा एक भाग जीवनसत्त्वांच्या भाषेत मांडता येतो. घोडा ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतो. ‘ब’ गटातली बहुतेक जीवनसत्त्वं त्याच्या मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव बनवतात, तर ‘ड’ उन्हातून मिळतं. बाहेरून यावी लागतात ती मुख्यतः ‘अ’ आणि ‘ई’. हिरव्या गवतात कॅरोटीन भरपूर असतं आणि घोड्याचं शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व घडवतं. ‘ई’ही त्याच हिरव्यात असतं. गवत कापून वाळवलं की दोन्ही झपाट्यानं घटतात आणि गंजीत पडून राहिलं की आणखी घटत जातात. आता रत्नागिरीचं ऋतुचक्र पाहा. पावसात जांभ्याच्या सड्यावर उगवलेलं गवत दिवाळीच्या आगेमागे पिवळं पडतं. वैशाखात त्याची गंजी सहा-सात महिन्यांची झालेली असते. भाताचा पेंढा तर मुळातच निकस. ‘अ’ जीवनसत्त्वाची शिल्लक घोड्याच्या यकृतात काही महिने पुरते, ‘ई’ची तेवढी पुरत नाही. म्हणजे सुभ्याच्या कोठारातली पुंजी आणि घोड्याच्या अंगातली पुंजी एकाच महिन्यात तळाला जात होती. पत्र नेमकं त्या महिन्यातलं आहे.

यावर कुणी म्हणेल, ‘व्हिटामिन’ हा शब्दच 1912 साली कासिमिर फुंक यांनी घडवला; सतराव्या शतकातल्या पत्रावर तो लादणं म्हणजे आजचं ज्ञान मागे ढकलणं. आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच दावा मर्यादित ठेवायला हवा. पत्रात कुठेही औषधी ज्ञान नाही. त्यात आहे तो ऋतूचा हिशेब. पण जीवनसत्त्वांची उणीवही ऋतूप्रमाणेच येते, त्यामुळे महिने मोजून चारणारा कारभारी नाव न कळताही तिची वाट अडवत असतो. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: कोकणात पावसाळ्यात गवताला काय तोटा? तोटा असतो तो सुरुवातीच्या आठवड्यांत. मृगाचा पाऊस पडल्यावर गवत दातांत येण्याइतकं वाढायला वेळ लागतो, ते कोवळं आणि पाणथळ असतं आणि नुसत्या त्याच्यावर कष्टाचं जनावर उभं राहत नाही. कोरडी वैरण आणि दाणा लागतोच, आणि वाटा बंद झाल्यावर तो आणायचा कुठून? हिरवं उगवू लागतं तेव्हाच कोरडं संपतं. मधली ही फट भरून काढणं, हाच रातिबाचा हेतू होता.

याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळच्या बंदरात या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. 1470 च्या आसपास रशियन व्यापारी अफनासी निकितिन बहमनी मुलुखात फिरला आणि परतीचं जहाज त्यानं दाभोळहूनच पकडलं. मिसर, अरबस्तान, खुरासान इथले घोडे या बंदरात उतरतात, असं तो लिहितो. स्वतः घोडा घेऊन आलेला हा माणूस इथल्या चाऱ्याचीही नोंद करतो: कडधान्य आणि साखर-लोणी घालून शिजवलेली खिचडी. लोणी की तेल, हे सांगणं कठीण, कारण त्याचा रशियन शब्द दोन्हींना चालतो. ही रीत त्याहून जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात अर्धवट शिजवलेलं धान्य, स्नेह, मीठ, दही, दूध यांची मापं दिली आहेत. लोण्या-तुपात ‘अ’ जीवनसत्त्व असतं, तेव्हा असा रातीब निव्वळ लाड होता असं म्हणता येणार नाही. पण तो सरदाराच्या घोड्याला मिळे. बारगिराच्या घोड्याच्या तोबऱ्यात हरभरा किंवा कुळीथ. कुळथाला इंग्रजांनी घोड्याचं नाव दिलं ते याच वापरामुळे. कोकणात त्याचं पिठलं अजून घरोघर होतं. त्यात सुमारे 22 टक्के प्रथिनं असतात आणि कडधान्यांच्या मानानं चुनाही बरा असतो. अंगात बळ येण्यासाठी एवढं उत्तम. हिरव्या गवतातलं जे वाळताना उडून गेलं, ते मात्र कुळीथ परत आणू शकत नाही.

आज शहरातल्या तबेल्यात बांधलेला, वर्षभर सुक्या गवतावर राहणारा घोडा एका अर्थानं बारमाही वैशाखात जगतो. त्याला ‘ई’ जीवनसत्त्वाची भुकटी देणं शहाणपणाचं आहे. ज्याला रोज लसूणघास किंवा हरळी मिळते, त्याला तिची गरज क्वचितच पडते. ‘अ’ आणि ‘ड’ यांची गोष्ट वेगळी. गवतातल्या कॅरोटीनमधून घोडा गरजेपुरतंच ‘अ’ घडवतो, तयार भुकटीला तो लगाम नसतो; दोन्ही अंगात साठतात आणि अति झाली तर अपाय करतात. बळ वाढेल म्हणून दोन-तीन भुकट्या एकदम चारणारा मालक, असेल तोवर धुंदीनं चारण्याची पत्रातली तीच चूक वेगळ्या रीतीनं करतो.

त्याच पत्रात पुढे आगीची चिंता आहे. कुणी चुली पेटवतील, कुणी तंबाखूला विस्तव नेतील, पेटत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, अशी एकेक शक्यता महाराज मोजून सांगतात. वैशाखात गंजी जळाली, तर पागेपाशी दाण्याखेरीज काही उरत नव्हतं, आणि नवं गवत हाती यायला अजून कित्येक आठवडे होते.