बावचीच्या बीमधली दोन रसायने

गेल्या उन्हाळ्यात एक सव्वीस वर्षांची मुलगी दवाखान्यात आली. दोन्ही गालांवर आणि कपाळावर पाणी भरलेले फोड, भोवतालची त्वचा लालबुंद. "डॉक्टर, मला कसली तरी अ‍ॅलर्जी झालीय." खोदून विचारल्यावर उलगडा झाला. बाकुचिऑल नावाच्या सीरमने चेहरा तजेलदार होतो असे तिने वाचले होते. सीरम महाग होते, पण ते बावचीच्या बियांपासून काढतात हेही तिला कळले होते. मग काष्ठौषधीच्या दुकानातून बावचीचे तेल आणले, सकाळी चेहऱ्याला चोळले आणि स्कूटरवरून कामाला गेली. दोन दिवसांनी फोड.

ही अ‍ॅलर्जी नव्हती. तिचा चेहरा भाजला होता. कसा, ते समजायला या बीचा इतिहास पाहावा लागेल.

बावची म्हणजे संस्कृतातील बाकुची. शेतात, पडीक जमिनीवर उगवणारे हातभर-कंबरेएवढे झुडूप; बिया काळपट, चपट्या, उग्र वासाच्या. आयुर्वेदात तिचा मुख्य उपयोग श्वित्रावर, म्हणजे आपण ज्याला कोड म्हणतो त्यावर. कोड संसर्गजन्य नाही आणि महारोगाशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे मला आजही आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या तरी आईवडिलांना सांगावे लागते. 'श्वेतकुष्ठ' या शब्दाने आपल्याकडे फार घरे दुखावली आहेत. त्यामुळे कोडावर उपाय शोधण्याची तळमळ जुनी आहे. अथर्ववेदात पांढऱ्या डागांना रंग देणाऱ्या वनस्पतीची प्रार्थना आहे. ती वनस्पती नेमकी कोणती याबद्दल मात्र अभ्यासकांचे एकमत नाही.

मला जास्त थक्क करते ती चरकसंहितेतली कृती. तिथे श्वित्राच्या रुग्णाला उंबराच्या जातीतील एका झाडाचा रस गुळाबरोबर पाजायचा, अंगाला तेल लावायचे आणि झेपेल तितका वेळ उन्हात बसवायचे असे सांगितले आहे. पुढे डागांवर फोड येतील, ते काट्याने फोडावेत, हेही लिहिले आहे. उंबराचा भाऊबंद असलेल्या अंजिराच्या चिकात तेच रसायन असते जे बावचीत असते. लिहिणाऱ्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण औषध आणि ऊन एकत्र आल्याशिवाय काम होत नाही, हे त्याने पाहिले होते.

हेच तेराव्या शतकात इब्न अल-बैतार या अरब वनस्पतिज्ञाने दुसऱ्या एका झाडाबद्दल नोंदवले. ते झाड अम्मी माजुस, आपल्या ओव्याच्या कुळातले. त्याच्या बिया घेऊन उन्हात बसायचे. दोन वेगवेगळ्या प्रदेशांत, दोन वेगळ्या कुळांतल्या वनस्पती आणि उपचार मात्र एकच!

कोडे सुटायला विसावे शतक उजाडले. 1933 मध्ये जोईस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांतून एक स्फटिकरूप पदार्थ वेगळा केला. वनस्पतीच्या लॅटिन नावावरून, सोरालिया कोरिलिफोलियावरून, त्याला सोरालेन म्हणतात. 1947 च्या सुमारास इजिप्तमध्ये फाहमी आणि सहकाऱ्यांनी अम्मी माजुसमधून त्याच गटातला पदार्थ काढला, आणि कैरोचे डॉ. अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी तो कोडाच्या रुग्णांना देऊन पाहिला. तिथून कोडाचा आधुनिक उपचार सुरू झाला.

सोरालेनचा रेणू चपटा असतो. तो पेशीतल्या डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांमध्ये अलगद शिरून बसतो. अंधारात तो तिथे फारसे काही करत नाही. पण त्यावर सूर्यप्रकाशातले लांब लहरींचे अतिनील किरण, म्हणजे यूव्हीए, पडले की तो शिडीच्या दोन्ही बाजू एकमेकींना जखडून टाकतो. मात्रा बेताची असेल तर केसांच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशी जाग्या होतात आणि डागात तपकिरी ठिपके उगवू लागतात. मात्रा जास्त झाली की पेशी मरतात, फोड येतात. आणि हे लगेच दिसत नाही. परिणाम दोन-तीन दिवसांनी कळसाला पोचतो. म्हणूनच माझ्या रुग्णाला तेल आणि फोड यांची सांगड लागली नाही. (उन्हात बसून लिंबू पिळणाऱ्यांच्या हातांवर येणारे काळे डागही याच घराण्यातले.)

1974 मध्ये हार्वर्डच्या पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅनेनबॉम आणि मधुकर पाठक यांनी सोरालेनची गोळी व मोजून दिलेले यूव्हीए किरण यांची जोडी सोरायसिसवर वापरली. ही पुवा पद्धत जगभर पसरली. पुढे दीर्घकाळ पुवा घेतलेल्यांत त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला, आणि आता बहुतेक ठिकाणी गोळीविना दिले जाणारे नॅरोबँड यूव्हीबी किरण तिची जागा घेत आहेत.

आता दुसरे रसायन. 1966 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गोवर्धन मेहता, रामदास नायक आणि सुख देव यांनी याच बियांतून एक तेलकट पदार्थ वेगळा केला व त्याला बाकुचिऑल हे नाव दिले. सोरालेनपेक्षा त्याची रचना पूर्ण वेगळी आहे. ऊन पडल्यावर डीएनए जखडण्याची करामत त्याला येत नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या बाजाराला मात्र या पुणेकर रेणूची दखल घ्यायला चार दशके लागली.

त्याचे कारण रेटिनॉल. 1969 मध्ये अल्बर्ट क्लिगमन यांनी 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेले ट्रेटिनॉइन मुरुमांवर वापरले, आणि 1986 मध्ये उन्हाने सुरकुतलेल्या त्वचेवरही ते गुणकारी असल्याचे दाखवले. पण या गटातली मलमे अनेकांना झोंबतात, त्वचा सोलवटते, आणि गरोदरपणात ती टाळावी लागतात. सौम्य पर्यायाची वाट पाहणे चालूच होते. 2014 मध्ये चौधुरी आणि बोजानोव्स्की यांनी दाखवले की रेणूची रचना जुळत नसूनही बाकुचिऑल पेशींमधली बरीचशी तीच जनुके चाळवते, जी रेटिनॉल चाळवते. मग 44 जणांवर 12 आठवड्यांचा एक अभ्यास झाला, तो 2019 मध्ये छापून आला: अर्धा टक्का बाकुचिऑल दिवसातून दोनदा विरुद्ध अर्धा टक्का रेटिनॉल एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्हींमुळे जवळपास सारखेच कमी झाले. सोलवटणे आणि झोंबणे रेटिनॉलवाल्यांत जास्त.

चांगला अभ्यास आहे, पण 44 माणसे म्हणजे आमच्या सोसायटीच्या एका इमारतीतले लोक. त्यावरून 'रेटिनॉलला नैसर्गिक पर्याय' अशी दवंडी पिटणे मला घाईचे वाटते. 'गरोदरपणात निर्धोक' हे जाहिरातीतले वाक्य तर आणखी धाडसाचे, कारण गरोदर स्त्रियांवर त्याचा पुरेसा अभ्यास झालेलाच नाही.

आता त्या मुलीकडे वळू. सीरमसाठी बाकुचिऑल शुद्ध करताना सोरालेन गाळून काढावे लागते. दुकानातले तेल म्हणजे अख्खी बी तेलात उतरवलेली. त्यात दोन्ही आले, आणि किती प्रमाणात ते विकणाऱ्यालाही माहीत नसते. कोडावर अनुभवी वैद्य तेच तेल देतात तेव्हा उन्हाची वेळ मिनिटांत मोजून सांगतात. स्कूटरवरचा अर्धा तास त्यात बसत नाही. बावचीचे चूर्ण पोटात घेऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, तेव्हा "झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार" हे इथे चालत नाही.

फोड दहा दिवसांत सुकले. काळे डाग जायला पाच महिने लागले, आणि तेवढे दिवस तिने दुपट्टा बांधून प्रवास केला. शेवटच्या भेटीत तिने नव्या सीरमची बाटली दाखवायला आणली. घटकांच्या यादीत 'बाकुचिऑल' लिहिले होते. 'सोरालिया कोरिलिफोलिया सीड ऑइल' किंवा 'सीड एक्स्ट्रॅक्ट' असते, तर मी ती परत करायला सांगितले असते.