कामाचा ताण व गर्भपात : नियोक्त्याचे दायित्व

गरोदर स्त्री कामगाराचा गर्भपात कामाच्या श्रमामुळे किंवा ताणामुळे झाल्यास त्याची जबाबदारी नियोक्त्यावर कितपत येते, हा कामगार कायद्यातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. भारतात गर्भपातानंतरच्या पगारी विश्रांतीचा हक्क कायद्याने दिलेला आहे. कामाच्या ताणामुळे झालेल्या गर्भपाताच्या नुकसानभरपाईसाठी मात्र स्वतंत्र तरतूद नाही. या लेखात 'गर्भपात' हा शब्द आपोआप होणाऱ्या गर्भपाताच्या अर्थाने वापरला आहे.

इतिहास

ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मातृत्व लाभाचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात अशाच विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला. प्रसूतीच्या काळातील विश्रांती राष्ट्रहिताची असल्याने तिचा मोठा भार सरकारने उचलावा, परंतु स्त्रीच्या श्रमाचा फायदा नियोक्त्याला होत असल्याने त्यानेही आपला वाटा द्यावा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात मातृत्व लाभ कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर देशभरासाठी मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ संमत करण्यात आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली.

विश्रांतीचा हक्क

१९६१ च्या अधिनियमानुसार गर्भधारणेच्या सव्विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भ पडून गेल्यास तो 'गर्भपात' ठरत असे. पुरावा सादर केल्यावर स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. या सहा आठवड्यांत नियोक्त्याने तिला जाणूनबुजून कामावर ठेवणे निषिद्ध आहे. गर्भपातामुळे आजारपण आल्यास आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळू शकते. कायदेशीर रजेच्या काळात तिला कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. मृत अपत्याचा जन्म कायद्याच्या दृष्टीने प्रसूतीच असल्याने अशा वेळी प्रसूतीचे लाभ लागू होतात. गर्भपात कशामुळे झाला हे सिद्ध करण्याची अट या रजेसाठी नाही.

कष्टाचे काम, दीर्घकाळ उभे राहण्याचे काम किंवा गर्भपात घडवू शकेल असे काम स्त्रीने विनंती केल्यास तिला देऊ नये, असेही अधिनियमात म्हटले होते. मात्र हे संरक्षण अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या सुमारे शेवटच्या दहा आठवड्यांपुरते होते. बहुतेक गर्भपात पहिल्या तीन महिन्यांत होतात. त्यामुळे धोका अधिक असलेल्या काळात या तरतुदीचा उपयोग होत नाही.

नुकसानभरपाई व कार्यकारणभाव

कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ नुसार भरपाईसाठी इजा अपघाताने, तसेच नोकरीतून व नोकरीच्या ओघात उद्भवलेली असावी लागत असे. या अधिनियमातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत मानसिक ताणाचा समावेश नव्हता. ताण व मृत्यू यांच्या संबंधाचा विचार न्यायालयांनी मुख्यतः हृदयविकाराच्या प्रकरणांत केला आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याच्या मृत्यूविषयीच्या प्रकरणात मुख्य न्यायाधीश म. क. छागला यांच्या खंडपीठाने १९५० च्या दशकात असे तत्त्व मांडले, की आजार आधीपासून असला तरी कामाने त्यात भर घातली किंवा मृत्यू लवकर ओढवला, तर नियोक्ता जबाबदार ठरतो. पुढील निकालांत सर्वोच्च न्यायालयाने ताण गृहीत धरता येत नाही, तो पुराव्याने दाखवावा लागतो, असे स्पष्ट केले.

गर्भपाताच्या बाबतीत असा पुरावा देणे विशेष अवघड असते. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष आढळतो. रात्रपाळी, दीर्घ कामाचे तास व जड वजन उचलणे यांचा गर्भपाताच्या वाढत्या जोखमीशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. परंतु समूहातील वाढलेली जोखीम म्हणजे एका विशिष्ट स्त्रीच्या गर्भपाताचे सिद्ध कारण नव्हे.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील दोन महिला न्यायिक अधिकाऱ्यांची सेवासमाप्ती रद्द केली. त्यांपैकी एकीचा गर्भपात झाला होता. गर्भपाताच्या शारीरिक व मानसिक परिणामांची दखल घेऊन कामाचे मूल्यमापन व्हावे, ही भूमिका या निकालात दिसते. मात्र गर्भपाताचे कारण ठरवण्याचा प्रश्न या प्रकरणात नव्हता.

दौंड–शिरूर परिसर

पुणे जिल्ह्यातील दौंड व शिरूर तालुक्यांत स्त्री कामगारांचे दोन वेगळे वर्ग दिसतात. कुरकुंभ (दौंड) व रांजणगाव (शिरूर) येथील औद्योगिक वसाहतींत नियोक्ता निश्चित असतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत येणाऱ्या कामगारांना गर्भपाताचा लाभ महामंडळाकडून मिळतो. विमाधारक कामगाराला त्याच इजेसाठी नियोक्त्याकडे वेगळी भरपाई मागता येत नाही.

पाटस, आलेगाव व न्हावरे या साखर कारखान्यांच्या परिसरासह पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून स्थलांतरित टोळ्या येतात. पती-पत्नीची जोडी मिळून एक 'कोयता' मानला जातो. मुकादम आगाऊ 'उचल' देतो आणि कामावर न आलेल्या दिवसाचा 'खाडा' धरून दंड कापण्याची प्रथा आहे. मोळी वाहणे, पहाटे गाडी भरणे ही कामे गरोदरपणातही चालू राहतात. मुकादम, वाहतूकदार व कारखाना यांपैकी नियोक्ता कोण, हेच अनेकदा अनिश्चित असल्याने सहा आठवड्यांची पगारी रजा मागायची कोणाकडे, हा प्रश्न नुकसानभरपाईच्याही आधी उभा राहतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती.

अन्य देश

दक्षिण कोरियातील जेजू वैद्यकीय केंद्रात २००९ मध्ये गरोदर असलेल्या १५ परिचारिकांपैकी पाच जणींचे गर्भपात झाले, तर चौघींच्या बाळांना जन्मजात हृदयदोष होता. गर्भाला झालेली हानी ही मातेचीच कामजन्य इजा मानता येते, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बाळांच्या प्रकरणात दिला. त्यानंतर कायद्यात बदल होऊन तो २०२३ पासून लागू झाला.