अलामेनच्या भिंतीवरची नावं
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

भिवंडीत सुताच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला इजिप्त म्हटलं की पिरॅमिडच्या आधी कापूस आठवतो. लांब धाग्याच्या त्या कापसाला आमच्याकडचे जुने व्यापारी नुसतं ‘गिझा’ म्हणतात. गिझा हे एका गावाचं नाव आहे आणि जगातली सर्वांत प्रसिद्ध थडगी तिथेच आहेत, हे त्यांतल्या अनेकांच्या गावीही नसतं.

तसं आपलं आणि इजिप्तचं नातं कापसाच्या या जातीहून फार जुनं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात सोपाऱ्याचं नाव आहे, तसंच आमच्या दुर्गाडीच्या पुलापलीकडच्या कल्याणचंही आहे. एका राजाच्या अमदानीत कल्याणचा व्यापार अडवला गेला आणि तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी तक्रारही त्या लेखकाने नोंदवून ठेवली आहे. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या उजाड बंदरात उत्खनन झालं, तेव्हा भारतात घडवलेल्या एका रांजणात साडेसात किलो काळी मिरी जशीच्या तशी सापडली. २०२२ साली तिथेच एक संगमरवरी बुद्धमूर्तीही मिळाली. म्हणजे आपली माणसं तिकडे जात होती, राहत होती आणि कदाचित तिथेच देह ठेवत होती.

मी इजिप्तला गेलो तो मात्र यासाठी नाही. मी माझ्या थोरल्या मामांना शोधायला गेलो होतो.

माझं आजोळ महाड तालुक्यातलं. तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड जिल्हा. त्या बाजूला पलटणीत एकही माणूस नाही असं मराठ्याचं घर शोधावं लागेल. थोरले मामा १९३९ मध्ये भरती झाले. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. आई तेव्हा सहा वर्षांची होती. तिला आठवत होतं ते एवढंच, की दादाने तिला खांद्यावर घेऊन वेशीपर्यंत नेलं आणि तिथून परत फिरवलं. पुढे इंग्रजीत लिहिलेला एक कागद आला. तो तालुक्याला नेऊन वाचून घेतला. मामा लढाईत पडले, जागा ‘लिब्या’. तो कागद ट्रंकेत होता, वाळवीने खाल्ला. तारीख कुणाच्या लक्षात राहिली नाही.

मामीला पेन्शन सुरू झाली. दर खेपेला ती महाडला कचेरीत जाऊन अंगठा उठवायची, पैसे घ्यायची आणि कुंकू लावून घरी परत यायची. यावरून गावात बोलणी झाली. सासूही बोलली. मामीचं म्हणणं असं, की कागद सरकारचा, पेन्शन सरकारची. पण जाळलेला कुणी पाहिला? अस्थी कुठे आहेत? त्यातच १९४५ नंतर एक गोष्ट घडली. तोब्रुकला पकडलेले आणि इटलीत कैदेत पडलेले शिपाई आसपासच्या गावांत एकेक करून परतले. त्यांच्यातल्या काहींची तर घरच्यांनी आशा सोडली होती. झालं, मामीची खात्री पटली. १९८४ मध्ये ती गेली, तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होतं. मामांचं श्राद्ध तोवर कुणी केलं नव्हतं. तिच्यादेखत करणार कोण?

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी या पलटणीबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण, म्हणजे पूर्वीची १०५वी मराठा. १९४१ च्या मार्चमध्ये ती इरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर लढली. जूनमध्ये इजिप्तच्या सरहद्दीवर हलफायाच्या घाटात. डिसेंबरच्या सुरुवातीला लिबियात बीर एल गुबी इथे. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं आणि रोमेलच्या हाती सुमारे तेहेतीस हजार कैदी लागले, त्यांत ही पलटणही गेली. मामा यांतल्या कुठल्या लढाईत गेले, हे मात्र मला पुस्तकांतून कळण्यासारखं नव्हतं.

माझा एक विद्यार्थी कापडाच्या कामासाठी अलेक्झांड्रियाला जाऊन येऊन असतो. तो म्हणाला, ‘‘सर, तुम्ही आम्हाला इतकी वर्षं इजिप्त शिकवलंत, एकदा बघून तरी या.’’ २०१९ च्या जानेवारीत त्याच्याबरोबर गेलो.

अलेक्झांड्रियात त्याची कामं उरकेपर्यंत मी एकटाच हिंडलो. कोम एल शुकाफा नावाची भुयारी स्मशानभूमी आहे, दुसऱ्या शतकातली. १९०० साली एक गाढव जमिनीतल्या भोकातून खाली पडलं आणि तिचा शोध लागला, असं सांगतात. गोल जिना उतरत खडकात खाली जायचं. भिंतींत प्रेतं ठेवायचे कोनाडे. अनुबिस हा इजिप्तचा कोल्हेमुखी देव तिथे रोमन शिपायाच्या वेशात उभा आहे, चिलखत वगैरे घालून. राज्यकर्ते बदलले की देवांनाही कपडे बदलावे लागतात, हे काही आपल्याला नवीन नाही. पण मला त्याच्यापेक्षा जास्त आवडली ती जेवणाची खोली. तीन बाजूंना दगडी ओटे आणि मध्ये मोकळी जागा. मेलेल्यांचे नातेवाईक ठराविक दिवशी तिथे यायचे आणि त्यांच्या सोबतीने जेवायचे. जेवणाची भांडी घरी न्यायची नाहीत, तिथेच फोडायची. त्या खापरांचा डोंगर झाला, म्हणून जागेचं नाव कोम एल शुकाफा, खापरांची टेकडी. पितृपक्षात आगाशीवर पान ठेवून कावळ्याची वाट पाहणारी माझी आई तिथे असती, तर तिला एका शब्दाचंही भाषांतर लागलं नसतं.

अलेक्झांड्रियाहून पश्चिमेला समुद्राच्या कडेने सव्वाशे-दीडशे किलोमीटर गेलं की एल अलामेन. रस्त्याला उजव्या हाताला श्रीमंतांच्या सुट्टीच्या वसाहती, डाव्या हाताला वाळवंट. अशीच एक वसाहत बांधताना १९८६ मध्ये तिथे आख्खं ग्रीक-रोमन बंदर सापडलं. घरं, खांब, बाजार आणि अर्थात थडगी. त्यांतही जेवणाचे ओटे आहेतच. ते पाहायला परवानगी लागते, ती मिळवण्यात आमची सकाळ गेली. आत फिरायला मिळालं अर्धा तास. एका थडग्याच्या उतरत्या जिन्यावर उभा राहिलो तर समोर निळा समुद्र दिसत होता. मेलेल्यांसाठी इतकी चांगली जागा जिवंत माणसं आता प्लॉट पाडून विकताहेत.

तिथून काही मैलांच्या आत दुसऱ्या महायुद्धाच्या तीन स्मशानभूमी आहेत. जर्मनांची गढीसारखी, आठ कोनांची, बाहेरून एकही खिडकी नसलेली. चार हजार दोनशेच्या वर माणसं आत आहेत. इटलीची म्हणजे पांढरा उंच मनोरा, समुद्राकडे तोंड केलेला. आत भिंतभर चौकोनी दगड, त्यांतल्या कित्येकांवर एकच शब्द, ‘इग्नोतो’. म्हणजे अज्ञात. पाओलो काच्चा दोमिनिओनी हा इटालियन अधिकारी स्वतः या लढाईत होता. युद्धानंतर तो इथे परत आला आणि सुरुंगांनी भरलेल्या वाळवंटात वर्षानुवर्षं हाडं गोळा करत राहिला. स्वतःच्या माणसांची आणि शत्रूचीही. मनोरा त्यानेच आखला.

ब्रिटिश राष्ट्रकुलाची स्मशानभूमी या दोन्हींहून मोठी. सात हजारांवर कबरी आणि त्यांतल्या आठशेच्या वर बिननावाच्या. भारतीय मुसलमान शिपायांच्या कबरीही आहेत, शिळेवर अरबीतली ओळ कोरलेली. माझा विद्यार्थी त्यांच्यासमोर थांबला, हात उचलून फातिहा पढला आणि मग माझ्याबरोबर आला.

आत शिरताना लांबलचक ओवरी लागते. तिच्या भिंतींवर, ज्यांची कबर माहीत नाही अशा सुमारे बारा हजार सैनिकांची नावं पलटणवार कोरली आहेत. ‘फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्री’ हे शब्द दिसले आणि मी चष्मा पुसून घेतला. जाधव, मोरे, कदम, पवार, शिंदे. चाळीस वर्षं वर्गात हजेरी घेतलेल्या माणसाला ते वाचताना काय होत असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

आपल्याकडे लढाईत मेलेल्याच्या नावाची अशी रीत नव्हती. बोरिवलीजवळ एकसरला शिलाहारांच्या काळातले वीरगळ आहेत. त्यांवर जहाजांची लढाई कोरली आहे, वल्हवणारे हात मोजता येतात, पडलेल्या वीराला अप्सरा वर नेताना दिसतात. पण तो वीर कोण, हे आज कुणाला वाचता येत नाही. भिवंडीजवळ लोनाडला शिलाहार राजांचे लेख आहेत, त्यांत राजाचं नाव आहे, दानाची नोंद आहे, शिपायाची नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी कोकणात आणि साताऱ्याकडे गावोगाव दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. नुसते आकडे. बसऱ्याच्या स्मारकावर तर गोऱ्या सैनिकांची नावं आणि साध्या हिंदी शिपायांची संख्या, असा प्रकार झाला. २०२१ मध्ये स्मशानांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने एका अहवालात हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. शंभर वर्षं लागली. दुसऱ्या युद्धापर्यंत निदान ही चूक सुधारली होती. अलामेनला शिपायाचं नावही जनरलच्या नावाइतक्याच मापाच्या अक्षरांत आहे.

तर मी नावं वाचत गेलो. दोनदा वाचली. मामा त्यांत नव्हते.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्यासारख्या इतिहास शिकवलेल्या माणसाच्या मनात आलं की मामीच बरोबर असेल तर? नाव नाही, म्हणजे मेलेच नसतील. कुठे इटलीत राहिले असतील, दुसरा संसार केला असेल. पंचाहत्तर वर्षांनंतर हा विचार किती वेडगळ आहे हे कळत होतं, तरी तो आला.

रखवालदार म्हातारा होता. विद्यार्थ्याने त्याला मोडक्यातोडक्या अरबीत काय शोधतो आहोत ते सांगितलं. ‘‘हिंदी?’’ त्याने विचारलं. मग आतल्या बाजूच्या एका लहान दगडी स्मारकाकडे बोट दाखवलं. ते आहे दहन केलेल्यांचं. इजिप्त आणि लिबियात मेलेल्या ज्या सैनिकांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला, अशा सहाशेहून अधिक जणांची नावं त्यावर आहेत. कबर नाही म्हणून ती कबरीत नाहीत आणि बेपत्ता नाहीत म्हणून ओवरीतही नाहीत.

मामांचं नाव तिथे होतं. पण नाव आणि आडनाव महाडकडे दहा घरांत सापडेल असं. हे आमचेच कशावरून? रखवालदाराने नोंदवही दाखवली. तिच्यात पुढचं सगळं होतं. शिपाई. मराठा लाइट इन्फन्ट्री, दुसरी पलटण. मृत्यू ४ डिसेंबर १९४१. वय २१. अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव, कुलाबा, भारत. गावाच्या नावाचं इंग्रजीत पार वाटोळं केलेलं होतं. मामीचं नाव मात्र बरोबर होतं.

मामीला लिहिता-वाचता येत नव्हतं. सातबाऱ्यावर ती नव्हती, घराच्या दाराच्या पाटीवर नव्हती. पेन्शनच्या कागदावर तिचा अंगठा होता. आणि इथे भूमध्य समुद्राच्या काठी, मराठीचा गंध नसलेल्या मुलखात, कुणीतरी तिचं नाव टाइप करून, छापून, पितळी दाराच्या कपाटात जपून ठेवलं होतं.

म्हणजे जाळलं होतं. वाळवंटात लाकूड कुठून आणलं असेल? दारूगोळ्याच्या पेट्या फोडल्या असतील, वर पेट्रोल ओतलं असेल. बरोबरच्यांपैकी कुणी मंत्र म्हटले असतील किंवा नसतील. पण मामीला हवं होतं तेवढं झालं होतं.

निघताना बायकोने पिशवीत तिळाची पुडी टाकली होती. बाटलीत पाणी घोटभर उरलं होतं. ते पाहून रखवालदार काही न बोलता गेला आणि झाडांना घालायचा पाण्याचा डबा घेऊन आला.

परत आल्यावर शके १८६३ चं पंचांग मिळवलं. ३ डिसेंबर १९४१ ला मार्गशीर्ष पौर्णिमा होती, दत्तजयंती. त्या रात्री मराठे आणि स्कॉटलंडचे कॅमेरन हायलँडर्स पुऱ्या चांदण्यात बीर एल गुबीकडे गेले आणि उजाडताना इटालियन तरुणांच्या पलटणींनी धरलेल्या टेकडीवर चढले. टेकडी पडली नाही. पुढे दोन-तीन दिवस रेटूनही पडली नाही. आजोळी दत्ताचं देऊळ आहे. त्या संध्याकाळी तिथे पाळणा म्हटला गेला असणार आणि एकोणीस वर्षांची मामी त्यात असणार.

मामांची तिथी मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा. त्या दिवशी आमच्याकडे आता दोन पानं वाढतो.