मेणाची डबी काय सांगते?

प्रायमर कालपरवाचा वाटतो ना? मग जुनी फणेरपेटी उघडून बघा. आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची इवलीशी डबी. आधी बोटानं कपाळावर मेण गोल लावायचं, मग त्यावर पिंजर दाबायची. मेणाला धरून कुंकू दिवसभर टिकतं. आडवी चिरी हवी, तर मेणही आडवंच.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर करंड्यांच्या नक्षीवरच थांबू नका. (मी पहिलं वर्ष तेच केलं!) पेटी कोण उघडायचं, हे विचारा. ब्राह्मण घरांत सवाष्ण रोज उघडायची. त्याच घरातल्या बालविधवेला मात्र कुंकू वर्ज्य. पुढे चिकटणारी टिकली आली नि मेण मागे पडलं. तुमच्या घरात कधी? आजीला विचारून आजच टिपून ठेवा.