आयएसडीएन, लिनक्सवरील : इंटरनेट आणि फॅक्स

आयएसडीएन म्हणजे एकात्मिक सेवा अंकीय जाळे. आवाज, संगणकीय माहिती आणि फॅक्स हे सारे टेलिफोनच्या नेहमीच्या तांब्याच्या जोडतारेवरून थेट अंकीय रूपात ग्राहकाच्या घरापर्यंत पोहोचवणारी ही सेवा. संगणकात आयएसडीएन कार्ड बसवून आणि लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीवर योग्य ड्रायव्हर चढवून इंटरनेट व फॅक्स चालवण्याची पद्धत १९९५ ते २००५ या काळात मुख्यतः जर्मनीत वाढली. दोन्ही सेवा एकाच तारेने येत, तरी संगणकाच्या लेखी ती दोन निराळी कामे होती. इंटरनेटसाठी आलेले बिट पुढे सोपवले की भागे; फॅक्ससाठी मात्र कोणाला तरी मोडेम व्हावे लागे. या जोडणीतल्या बहुतेक अडचणी, आणि मुक्त व बंद सॉफ्टवेअरमधला तिचा सगळा झगडा, याच भेदातून निघाला.

तारेची रचना. घरगुती किंवा छोट्या कार्यालयाच्या जोडणीला बीआरआय म्हणतात. तिच्यात दोन बी वाहिन्या आणि एक डी वाहिनी असते. प्रत्येक बी वाहिनीचा वेग सेकंदाला ६४ किलोबिट, डी वाहिनीचा १६ किलोबिट. ६४ हा आकडा आवाजाच्या अंकीकरणातून आला : सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला ८ बिट. डी वाहिनीवरून संभाषण जात नाही. क्रमांक फिरवणे, घंटी वाजवणे, कॉल तोडणे या सूचना तिच्यावरून क्यू.९३१ या ठरावीक भाषेत जातात. मोठ्या कार्यालयांसाठी पीआरआय ही जोडणी असते. युरोप व भारतात तिच्यात ३० बी वाहिन्या, तर अमेरिकेत व जपानमध्ये २३.

एक्स्चेंजकडून आलेली दोन तारांची जोडी भिंतीवरच्या एनटी पेटीत संपते. जर्मनीत या पेटीला एनटीबीए म्हणत. तिथून पुढे चार तारांची एस बस सुरू होते आणि तिच्यावर आठपर्यंत उपकरणे जोडता येतात. बसच्या टोकाला १०० ओहमचे रोध लावावे लागतात. ते विसरले की जोडणी कधी लागते, कधी तुटते, आणि दोष सॉफ्टवेअरचा आहे असे वाटत राहते. एकाच तारेला अनेक दूरध्वनी क्रमांक मिळतात. त्यांना एमएसएन म्हणतात. कोणता कॉल कोणत्या उपकरणाने घ्यायचा हे या क्रमांकावरून ठरते.

पार्श्वभूमी. आयएसडीएनच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी १९८४ आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जर्मनीत सेवा १९८९ मध्ये सुरू झाली, पण सुरुवातीला तिथे १टीआर६ हा देशी संकेत वापरला जाई. १९९३ च्या अखेरीपासून युरो-आयएसडीएन हा सामाईक संकेत आला आणि एकाच प्रकारचे कार्ड अनेक देशांत चालू लागले. त्याच सुमारास लिनक्सवर आयएसडीएन४लिनक्स हा प्रकल्प उभा राहिला. फ्रिट्झ एल्फर्ट यांनी त्याचा मूळ थर लिहिला आणि १९९६ मधील लिनक्स २.० या कर्नलमध्येच तो समाविष्ट झाला. यान डेन औडेन यांच्या टेलेस कार्डाच्या ड्रायव्हरवरून पुढे कार्स्टेन काइल यांनी हायसॅक्स हा ड्रायव्हर घडवला. न्यूरेंबर्गच्या सूझे या कंपनीने आपल्या वितरणात यास्ट या मांडणी-साधनातून आयएसडीएन बसवण्याची सोय दिली. त्यामुळे हे काम जाणकारांपुरते राहिले नाही.

कार्ड आणि ड्रायव्हर. कार्डे दोन प्रकारची. निष्क्रिय कार्डावर फक्त तारेशी बोलणाऱ्या चिपा असतात. संकेतांचे सगळे काम संगणकाचा प्रोसेसर करतो. टेलेस १६.३ आणि एव्हीएम या कंपनीचे फ्रिट्झ कार्ड ही या वर्गातली, स्वस्त म्हणून घरोघर पोहोचलेली. सक्रिय कार्डावर स्वतःचा प्रोसेसर व स्मृती असते. एव्हीएम बी१ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. संगणक सुरू होताना त्यात फर्मवेअर भरावे लागते, नंतर ते बरेचसे काम आपणच करते.

हायसॅक्स चढवताना दोन गोष्टी सांगाव्या लागत : कार्डाचा प्रकार आणि एक्स्चेंजचा संकेत. फ्रिट्झच्या पीसीआय कार्डाचा प्रकार-क्रमांक २७, युरो-आयएसडीएनचा संकेत-क्रमांक २. जुन्या आयएसए कार्डांना याशिवाय इंटरप्ट आणि पोर्टचा पत्ताही द्यावा लागे. हायसॅक्सची एक गोष्ट आवर्जून नोंदवण्याजोगी आहे. सार्वजनिक टेलिफोन जाळ्याला जोडायच्या उपकरणाला मान्यता लागे आणि काही ठरावीक कार्डांसह या ड्रायव्हरने ती मिळवली होती. मान्यता मिळालेल्या फाइलींच्या तपासणी-बेरजा सहीनिशी कर्नलसोबतच दिल्या जात. त्या फाइलींत कोणी बदल केला, तर बदललेल्या प्रतीला ती मान्यता लागू होत नसे. स्वयंसेवकांनी लिहिलेले, कोणालाही वाचता व बदलता येणारे सॉफ्टवेअर सरकारी मान्यतेच्या चौकटीत कसे बसवायचे, याचे हे प्रामाणिक आणि शहाणपणाचे उत्तर होते.

कार्डाशी बोलायचा दुसरा मार्ग कॅपी. जर्मन उत्पादकांनी आखलेला हा सामाईक दुवा. त्याची २.० ही आवृत्ती रूढ झाली. कर्नलमध्ये कॅपीचे मोड्यूल, वर कॅपी२० हे उपकरण-नाव आणि तपासणीसाठी कॅपीइन्फो ही आज्ञा अशी त्याची मांडणी असे. कोणते कार्ड कोणती कामे जाणते, फॅक्स जमतो की नाही, हे कॅपीइन्फोच्या उत्तरात दिसे.

इंटरनेट जोडणी. आयएसडीएन४लिनक्समध्ये जोडणीची सूत्रे आयएसडीएनकंट्रोल या आज्ञेकडे असत. कामाचा क्रम असा : आधी आयपीपीपी० नावाचा जाळे-दुवा तयार करायचा, त्याला आपला एमएसएन द्यायचा, सेवादात्याचा क्रमांक जोडायचा, दुसऱ्या थराचा संकेत एचडीएलसी आणि आवरण सिंक-पीपीपी असे ठरवायचे. त्यानंतर आयपीपीपीडी हा पार्श्वभूमीत चालणारा कार्यक्रम सुरू करायचा. वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द पॅप किंवा चॅप या ओळख-तपासणीच्या पद्धतींच्या गुप्त फाइलीत, वाचण्याचा हक्क फक्त रूटला. शेवटी मुख्य मार्ग आयपीपीपी० कडे वळवायचा.

दुव्याच्या नावातला जादा आय निरर्थक नाही. पीपीपी, म्हणजे तारेवरून इंटरनेटची पॅकेटे नेण्याची पद्धत, साध्या मोडेमवर असमकालिक, म्हणजे एकेक अक्षर पाठवणारी, आयएसडीएनवर समकालिक. म्हणून नेहमीच्या पीपीपीडीऐवजी आयपीपीपीडी लागे. जुन्या सवयीने पीपीपीडी लावणाऱ्याची जोडणी लागे, पण पुढे काही सरकत नसे. टीटीवायआय० या नावाने मोडेमची नक्कल करणारी उपकरणेही होती. एटीच्या आज्ञा त्यांना कळत आणि टर्मिनलवरून एखाद्या यंत्रणेशी बोलण्यास ती उपयोगी पडत.

दोन्ही बी वाहिन्या मल्टिलिंक पीपीपीने जोडल्या की वेग १२८ किलोबिट होई. मुख्य दुव्याला एक साहाय्यक दुवा जोडून हे साधता येई. मात्र एक्स्चेंजच्या लेखी ते दोन कॉल, म्हणून आकारही दुप्पट. शिवाय तेवढा वेळ घरचा फोन व्यस्त.

खर्च आणि राखण. ध्वनी-मोडेमला वाटाघाटी करून जोडणी लावायला अर्धा मिनिट सहज लागे. आयएसडीएनची जोडणी एक-दोन सेकंदांत लागते. त्यामुळे गरज पडेल तेव्हा आपोआप कॉल लावायचा आणि काम थांबले की तोडायचा, ही पद्धत व्यवहारात आली. डायलमोड ऑटो ठेवून हँगअपची मुदत साठेक सेकंदांवर आणली की वापरणाऱ्याला जोडणी कायम असल्यासारखीच वाटे.

यातच मोठी जोखीम होती. कार्यालयातला एखादा संगणक दर काही मिनिटांनी नावाचा पत्ता विचारत राहिला, तरी राउटर म्हणून लावलेला लिनक्स संगणक इमानाने प्रत्येक वेळी कॉल लावी, आणि महिनाअखेरीस बिल फुगलेले दिसे. यावरचे उपाय ठरलेले होते : स्थानिक नाव-सेवा, अनावश्यक पॅकेट अडवणारे नियम, डायलमोड मॅन्युअल आणि कॉलांची नोंद ठेवणारा आयएसडीएनलॉग. येणाऱ्या कॉलांसाठी सिक्युअर ही सोय चालू ठेवली की यादीतल्या क्रमांकांखेरीज कोणाचाही कॉल स्वीकारला जात नसे. या सगळ्याची आटोपशीर मांडणी फ्लाय४एल या जर्मन प्रकल्पात दिसते. एका फ्लॉपीवर मावणाऱ्या या लिनक्सने टाकून दिलेले ४८६ संगणक आयएसडीएन राउटर म्हणून पुन्हा कामाला लावले.

फॅक्स. तिसऱ्या गटाचे फॅक्स यंत्र पानाच्या आडव्या ओळीचे १,७२८ बिंदू करते, मिलिमीटरला ३.८५ किंवा ७.७ ओळी वाचते, चित्र आकुंचित करते आणि त्याचा आवाज करून पाठवते. व्ही.२७टर, व्ही.२९ आणि व्ही.१७ या त्या आवाजाच्या पद्धती, व्ही.१७ चा वेग सेकंदाला १४,४०० बिट. दोन यंत्रांमधली बोलणी टी.३० नुसार होतात. हा आवाज आयएसडीएनवर ६४ किलोबिटच्या वाहिनीत नमुन्यांच्या रूपात येतो. म्हणजे संगणकाच्या हाती फॅक्सचे पान पडत नाही, त्याची शीळ पडते. ती ओळखून पुन्हा बिट काढणे हे संकेत-प्रक्रियेचे जड काम आहे. हायसॅक्स ते करीत नसे. म्हणून ज्या यंत्रावर इंटरनेट सुरळीत चाले, त्याच यंत्रावर फॅक्स मात्र चालत नसे. थेट ६४ किलोबिटवर पाठवणारा चौथ्या गटाचा अंकीय फॅक्स प्रमाणित झालेला होता, पण समोरच्याकडे तिसऱ्या गटाचेच यंत्र असल्याने त्याचा उपयोग थोडा.

वाट कॅपीतून निघाली. एव्हीएम बी१ च्या फर्मवेअरमध्ये फॅक्सचे कसब होते. फ्रिट्झ कार्डासाठी एव्हीएमने दिलेल्या कॅपी ड्रायव्हरमध्येही ते होते, पण त्या ड्रायव्हरचा गाभा बंद स्रोताचा. गरनॉट हिलियर यांचा कॅपीस्वीट हा मुक्तस्रोत कार्यक्रम या दुव्यावर उभा राहिला. येणाऱ्या कॉलचे काय करायचे हे त्यात पायथनच्या छोट्या लिपींत लिहिलेले असे. प्रत्येक वापरकर्त्यासाठी फॅक्सचा एमएसएन, पाठवणाऱ्याची ओळख, पानाचा मथळा आणि ईमेलचा पत्ता एका मांडणी-फाइलीत भरायचा. आलेला फॅक्स एसएफएफ या स्वरूपात साठे, त्याचे पीडीएफ होई आणि ते टपालपेटीत पडे. पाठवायचा मजकूर घोस्टस्क्रिप्टकडून एसएफएफमध्ये बदलून कॅपीस्वीटफॅक्स या आज्ञेने रांगेत लावला जाई.

अनेकांना मिळून एकच फॅक्स-सेवा हवी असेल, तर सॅम लेफलर यांचे हायलाफॅक्स आणि त्याला कॅपीशी जोडणारे कॅपी४हायलाफॅक्स अशी जोडी लावत.

मांडणीत एक पथ्य कसोशीने पाळावे लागे : फॅक्सला स्वतंत्र एमएसएन. जुन्या ध्वनी-जाळ्यातून आलेला कॉल फॅक्सचा की माणसाचा, हे एक्स्चेंज खात्रीने सांगू शकत नाही. एकच क्रमांक दोघांना दिला, तर फोन करणाऱ्या माणसाच्या कानात फॅक्सची शीळ घुमणार.

दोषशोध. तपासणी तळापासून वर करावी : आधी एनटी पेटी, तारा आणि टोकाचे रोध, मग ड्रायव्हरने कार्ड ओळखले का, मग डी वाहिनी जागी आहे का, मग एमएसएन, आणि सर्वांत शेवटी परवलीचा शब्द. एमएसएनमध्ये शहराचा संकेतांक घालायचा की नाही, हे देशानुसार बदलते. जर्मनीत तो गाळत. डी वाहिनीवरून कॉल तुटण्याचे कारण आकड्यात मिळते, हे आयएसडीएनचे मोठे बलस्थान. व्यस्त, उत्तर नाही, क्रमांक अस्तित्वात नाही, प्रत्येकाचा आकडा वेगळा. ध्वनी-मोडेमच्या मोघम उत्तरांनी जेरीस आलेल्याला ही स्पष्टता मोलाची वाटे.

भारतात. मुंबईत महानगर टेलिफोन निगमने आणि उर्वरित महाराष्ट्र व गोव्यात भारत संचार निगमने बीआरआय व पीआरआय दोन्ही जोडण्या दिल्या. संकेत युरोपीय पद्धतीचा असल्याने युरोपातली कार्डे व लिनक्सचे ड्रायव्हर इथेही लागू पडत. घरांत बीआरआय रुजली नाही; व्हिडिओ परिषदा आणि कार्यालये हेच तिचे क्षेत्र राहिले. पीआरआय मात्र ईपीएबीएक्स या कार्यालयीन एक्स्चेंजच्या मागे दीर्घकाळ टिकली, आणि अ‍ॅस्टेरिस्क या मुक्तस्रोत एक्स्चेंजला ३० वाहिन्यांचे कार्ड जोडून ती लिनक्सवर घेता येई.

उत्तरार्ध. ऑक्टोबर २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ सोबत काइल यांचीच एमआयएसडीएन ही नवी रचना कर्नलमध्ये आली. सप्टेंबर २०१९ च्या ५.३ या आवृत्तीतून आयएसडीएन४लिनक्स काढून टाकण्यात आले. एमआयएसडीएन तेव्हा राखले गेले. दरम्यान जर्मनीतल्या दूरसंचार कंपन्या टेलिफोन सेवा आयपीवर हलवू लागल्या होत्या, आणि ब्रॉडबँडपुढे ६४ किलोबिटची गरज संपली होती.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष ठाम आहे. ज्या भागाचे ज्ञान प्रसिद्ध मानकांत आणि खुल्या संहितेत होते, तो भाग नव्या कर्नलबरोबर दुरुस्त होत राहिला. फॅक्सचा जो भाग बंद ड्रायव्हरमध्ये होता, तो उत्पादकाने नवी आवृत्ती देणे थांबवताच निकामी झाला. कार्ड चांगले असूनही वापरणाऱ्याला काही करता येईना. ही उणीव स्टीव्ह अंडरवुड यांच्या स्पॅनडीएसपी या संग्रहाने भरून काढली. व्ही.१७, व्ही.२९ आणि टी.३० यांचे सारे गणित त्याने खुल्या संहितेत मांडले, आणि फॅक्स कोणत्याही एका कंपनीच्या कार्डावर अवलंबून राहिला नाही. आयपीवरून फॅक्स पाठवण्यासाठी फ्रीस्विचसारख्या टेलिफोनी प्रणालींनी हाच संग्रह स्वीकारला.