भाव चढला, पण कोणाचा?

माझा दवाखाना रामाकोन्यात आहे. कापूस निघू लागला की एकाच सकाळी दोन माणसे समोर येऊन बसतात. एक म्हणतो, "डॉक्टरसाहेब, यंदा भाव बरा आहे." दुसरा म्हणतो, "डॉक्टरसाहेब, दाणे घेणं परवडत नाही." दोघेही खरेच बोलतात. मग गावाची प्रकृती बरी म्हणायची की बिघडलेली? दीडशे वर्षांपूर्वी याच प्रश्नाने आपल्या पूर्वजांना चकवले होते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा होऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती. त्याच वर्षी मध्य प्रांत बनला आणि आपला सौंसरकडचा मुलूख त्यात आला. वऱ्हाडचा आणि हिंगणघाटचा कापूस सोन्याच्या मोलाने जाऊ लागला. काही कास्तकारांनी बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, असे त्या दिवसांबद्दल सांगतात.

पण त्याच वेळी दुसरी लक्षणेही दिसत होती. कापूस महागला तसे सूत महागले आणि नागपूर-उमरेडच्या कोष्ट्यांच्या मागांवर संकट आले. धान्यही महागले. ज्या सालदाराला मोबदला ज्वारीत मिळे, तो त्यातल्या त्यात तरला. ज्याच्या हाती रोख पैसे पडत, त्याची पायली लहान झाली. चांदीची धाव सर्वांना दिसली, थांबलेला माग कोणी मोजला नाही.

तिकडे मुंबईत कापसाच्या पैशावर शेअरांचा बाजार फुगला. त्याचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद माझ्याच जैन समाजातले. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेले, कापूस कोसळला आणि त्यामागे शेअरही. १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे बुडाली. गंमत अशी की मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली ती १८६७ मध्ये, तेजी ओसरल्यावर. स्टेशन पाहणाऱ्याला भरभराट दिसे, बाजार पाहणाऱ्याला मंदी.

सर्वांत महाग चूक पुणे जिल्ह्यात झाली. तेजीत सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले, कुणब्याने ते घेतले. १८६७ पासून सरकारने इंदापुरासारख्या तालुक्यांत नवी जमाबंदी करून सारा वाढवला. चढता भाव कायमचा, असे तिघांनीही धरले. भाव उतरला, सारा आणि व्याज मात्र उतरले नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची खाती-दस्तऐवज ओढून जाळले. ते सावकार बहुतेक गुजर आणि मारवाडी. त्यांत आमच्या समाजाचेही होते, हे मी लपवत नाही. १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला, पण तोवर अनेकांच्या जमिनी गेल्या होत्या.

आमच्या होमिओपॅथीत एका लक्षणावर औषध देत नाहीत. ताप उतरला तरी भूक कशी, झोप कशी, तहान कशी, हे विचारावे लागते. देशाची प्रकृतीही तशीच पाहावी. भाव चढला असे ऐकाल तेव्हा तीन घरी विचारा: ज्याच्याकडे विकायला आहे त्याच्या, ज्याला विकत घेऊन खायचे आहे त्याच्या आणि ज्याच्या डोक्यावर देणे आहे त्याच्या. तिघांची उत्तरे जुळली नाहीत तर कोणाला खोटे ठरवू नका. ती न जुळणे हेच खरे निदान आहे. आणि तिसऱ्या घरी आधी जा; १८७५ मध्ये तिथे जायला सर्वांनाच उशीर झाला होता.