गे लेदर क्लब: मोटारसायकलपासून एड्सग्रस्तांच्या घरभाड्यापर्यंत

काळं लेदर जॅकेट, बूट, टोपी. प्राइड मोर्चांच्या फोटोंमध्ये हा पेहराव हमखास दिसतो, आणि खाली कमेंट्समध्ये टिंगलही. पण या पेहरावाच्या मागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराच भाग चक्क वर्गणी गोळा करण्याचा आहे.

सुरुवात झाली दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत. सैन्यातून परतलेल्या अनेक समलिंगी पुरुषांना साचेबद्ध कौटुंबिक आयुष्य नको होतं. मोटारसायकल, लेदर आणि सैन्यातल्यासारखी दोस्ती मात्र हवी होती. १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोचा 'द वाइल्ड वन' आला आणि या रूपाला पडद्यावरचा चेहरा मिळाला. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये 'सॅटर्स' हा मोटारसायकल क्लब स्थापन झाला. तो आजही सुरू आहे. त्यापाठोपाठ सॅन फ्रान्सिस्को, शिकागो, न्यूयॉर्क इथेही असे क्लब निघाले.

क्लबचं काम तसं साधं. जॅकेटवर क्लबचा बिल्ला, ठरावीक सभासद, बैठका आणि शनिवार-रविवार शहराबाहेर सहल. या सहलीला 'रन' म्हणत. गे बारवर पोलिसांची धाड कधीही पडायची, नाव छापून आलं की नोकरी जायची. अशा काळात डोंगरातला तंबू जास्त सुरक्षित होता. क्लबचा खर्च सभासदच उचलायचे, त्यामुळे पैसे जमवायची सवय पहिल्यापासून होती. बार ठरावीक रकमेत हवी तितकी बिअर द्यायचा आणि जमलेला पैसा कामाला लावायचा. याला 'बिअर बस्ट' म्हणतात. शिवाय सोडत आणि लिलाव. आपल्याकडच्या मंडळांनाही हे गणित अनोळखी नाही, बिअर सोडली तर.

यातला एक लिलाव मात्र फारच महागात पडला. १० एप्रिल १९७६ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या 'मार्क फोर' बाथहाऊसमध्ये 'गुलामांचा लिलाव' होता. अर्थातच लुटुपुटूचा: स्वयंसेवक स्वतःहून उभे राहणार, लोक गमतीत बोली लावणार आणि पैसे समाजातल्या संस्थांना जाणार. 'ड्रमर' हे लेदर मासिक आयोजनात होतं. पोलिसांनी मोठा फौजफाटा आणि हेलिकॉप्टर घेऊन धाड टाकली, सुमारे ४० जणांना पकडलं आणि कलम लावलं एकोणिसाव्या शतकातल्या गुलामगिरीविरोधी कायद्याचं! हे सगळं कशासाठी? कॅलिफोर्नियात प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध १ जानेवारी १९७६ पासूनच कायदेशीर झाले होते आणि शहराचे पोलीसप्रमुख एड डेव्हिस या बदलाचे उघड विरोधक होते. जुना कायदा हातातून गेला, म्हणून दुसरा शोधला गेला असं दिसतं. गुलामीचा आरोप टिकला नाही, बहुतेकांवर खटलाही चालला नाही. गंमत अशी, की वकिलांच्या खर्चासाठी लोकांनी पुन्हा एक तसाच लिलाव केला. 'ड्रमर' मात्र पुढे सॅन फ्रान्सिस्कोला हलला.

मग १९८१ मध्ये एड्स आला. सॅन फ्रान्सिस्कोतला फॉल्सम स्ट्रीटचा परिसर म्हणजे लेदर बारचा बालेकिल्ला, तिथे एकामागून एक माणसं जाऊ लागली. आजारी माणसाची नोकरी सुटे, मग भाडं थके, मग घर जाई. १९८२ मध्ये सुरू झालेला 'एड्स इमर्जन्सी फंड' नेमका इथेच मदत करायचा: भाडं, वीजबिल, अशी छोटी पण तातडीची रक्कम. अशा मदतीसाठी लेदर क्लब आणि बारमध्ये झोळी फिरू लागली. 'ईगल' बारमधले रविवारचे बिअर बस्ट त्यासाठीच प्रसिद्ध झाले.

१९८४ मध्ये कॅथलीन कॉनेल आणि मायकल व्हॅलेरिओ यांनी त्याच रस्त्यावर फॉल्सम स्ट्रीट फेअर सुरू केली. पुनर्विकासाच्या नावाखाली वस्ती उठवली जाऊ नये हा एक हेतू, निधी जमवणं हा दुसरा. प्रवेशदारावर ऐच्छिक देणगी घ्यायची आणि ती स्थानिक संस्थांना वाटायची, ही पद्धत तिथे रुळली.

मरण पावलेल्यांचं सामान अनेकदा नातेवाईक लाजेखातर फेकून देत. १९९१ मध्ये चक रेन्स्लो आणि टोनी डीब्लेस यांनी शिकागोत 'लेदर आर्काइव्हज अँड म्युझियम' स्थापन केलं. क्लबांची जॅकेटं, बिल्ले आणि रनच्या पिना आता तिथे जपून ठेवल्या आहेत.